चेंडू माग, बाय

काल रात्री काकीचा फोन आला. बराच वेळ हिरड्याचं बोलली, मग हळूच म्हणाली, "पोरगी फुटबॉलच्या शिबिराला जाते म्हणतीय, पुण्याला. पंधरा दिवस. पाठवू का नको, तू सांग." मी म्हटलं, पाठव. तिच्यापुरतं तेवढं पुरे होतं. पण तुझ्याशी मला निवांत बोलायचंय, आणि फोनवर ते जमत नाही. घाटघरची रेंज जाते आणि माझं बोलणं अर्ध्यात तुटतं. म्हणून लिहितेय. एकदा तू वाच, मग आजीला वाचून दाखव.

काकीचा जीव कशात अडकलाय ते तुला कळतंय ना? शिबिरं भरतात एप्रिल-मेमध्ये, आणि आपला बाळहिरडाही त्याच दिवसांत. वेचायला, वाळवायला, राखायला घरातला एकेक हात लागतो. भात आपल्याला खायला पुरतं, रोख पैसा दिसतो तो हिरड्याचा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं झाडं मोडली तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात किती घरांचा हात आखडला, ते तू लहान होतीस तरी पाहिलंयस. म्हणून "आईला खेळातलं काही कळत नाही" असं मैत्रिणींपुढं म्हणू नकोस. तुझे पंधरा दिवस म्हणजे किती किलो हिरडा, हे ती बसल्या जागी सांगेल. जायच्या आधीचे आठ दिवस पहाटे तिच्याबरोबर रानात जा. कुरकुर न करता जा.

आता तुझं. तिथं पहिल्या दिवशी काय होईल ते मी इथं बसून सांगते. सकाळी सहाला मैदानाला फेऱ्या मारायला लावतील. शहरातल्या मुली तिसऱ्या फेरीला कमरेवर हात ठेवून थांबतील. तू पळत राहशील, कारण जीवधनच्या वाटेनं शेरडांमागं धावणाऱ्या पायांना सपाट मैदान म्हणजे काहीच नाही. सर जवळ बोलावतील, कुठली म्हणून विचारतील. तू घाटघर सांगशील, नाणेघाटाच्या अलीकडचं. मग सगळ्यांना सांगतील, बघा, डोंगरातली पोर आहे, दम बघा हिचा. सगळ्या टाळ्या वाजवतील आणि तुझा चेहरा फुलेल.

फुलू दे. पण त्या कौतुकानं तुझं काय होतं ते मी भोगलंय. दम आहे म्हटलं की तुला पळायचंच काम देतात. मागं उभी राहा, समोरची आली की तिच्यामागं पळ, चेंडू काढ आणि लांब मार. दुसरी चेंडू पायात खेळवते, तिसरी पास देते, गोल चौथी करते, आणि तू पळतेस. मी पंधराची होते तेव्हा अशाच एका शिबिरात पंधरा दिवस पळाले. दम घरून नेला होता, तोच घेऊन परत आले. पाय होते तसेच राहिले, चेंडू लागला की उडवून लावणारे.

सरांचा त्यात वाईट हेतू असतो असं नाही. संध्याकाळचा सामना त्यांनाही जिंकायचा असतो, आणि जी मुलगी जे आयतं घेऊन आलीय ते वापरणं सोपं पडतं. नवीन शिकवायला वेळ लागतो. तो वेळ तुला मागून घ्यावा लागेल.

म्हणून चेंडू माग. दुसऱ्या दिवशीच सरांना सांग, "सर, मला मधे खेळून बघायचंय." मधे म्हणजे मधली फळी, जिथं दर दोन मिनिटांनी चेंडू पायात येतो. चुकशील, पन्नासदा चेंडू घालवशील, मुली तोंड वाकडं करतील. करू देत. आणि खेळताना तोंडानं माग, "मला दे!" म्हणून ओरड. आपल्याकडे पोरीनं मोठ्यानं बोललं की चारजणी वळून बघतात, म्हणून आपला आवाज गळ्यातच राहतो. मैदानावर जी ओरडत नाही तिला कुणी देत नाही. मी पहिले चार दिवस हात वर करून उभी होते, वर्गात प्रश्न विचारायला करतात तसा. कुणी बघितलंही नाही.

शिबिर चांगलं का वाईट हे ओळखायची माझी एकच खूण आहे. काकाला सांग, फोन करून विचार, "मुलं किती आणि चेंडू किती?" तीस मुलं आणि सहा चेंडू असतील तर तुझा अर्धा दिवस रांगेत जाईल. मुलामागं एक चेंडू असेल तर टी-शर्ट आणि पदक नसलं तरी चालेल. त्याशिवाय मुलींच्या मुक्कामाला बाई राहते का, मैदानावर प्रथमोपचाराची पेटी असते का, हे विचारायला लाजू नका. पैसे भरणाऱ्यानं एवढं विचारायचंच असतं.

आता पायाचं सांगते. त्याला ते लोक "फर्स्ट टच" म्हणतात, चेंडूला झालेला पहिला स्पर्श. भरलेला हंडा कुणी तुझ्या डोक्यावर चढवून देतं तेव्हा तू काय करतेस ते आठव. ताठ उभी राहत नाहीस. गुडघे किंचित सैल सोडतेस, मान धरतेस, आणि वजन आलं की ते अंगभर जिरवून घेतेस. नाहीतर पाणी हिंदकळून पाठीवर येतं. चेंडू पायावर घ्यायचा तो अगदी असा. येणाऱ्या चेंडूला पाय नुसता आडवा घातलास तर तो भिंतीवर आपटल्यासारखा चार हात लांब उडतो आणि दुसरी घेऊन जाते. पाय थोडा पुढं न्यायचा, आतली बाजू चेंडूकडे करायची, आणि चेंडू लागतो त्याच क्षणी पाय वीतभर मागं घ्यायचा. चेंडूचा जोर पायात जिरला पाहिजे. जमलं की आवाजसुद्धा वेगळा येतो, "टप्प" असा बसका. मला हे शिबिरात उमगलं नाही. पुढं तीन वर्षांनी मे महिन्यात, विहिरीवर आईनं हंडा उचलून दिला तेव्हा एकदम लक्षात आलं, अरे, हे तर मला येतंय. तू तीन वर्षं थांबू नकोस.

तसंच चेंडू यायच्या आधी मागं बघायचं. शेरडं वळताना तू पुढच्या शेळीकडे बघत बसतेस का? मागं कोण रेंगाळलंय तिकडं नजर असते. मैदानावरही नजर तशीच फिरती ठेव. चेंडू पायात आल्यावर वर बघणारी मुलगी उशीर करते. आधीच बघून ठेवलेलीला कुठं द्यायचा ते माहीत असतं. आणि रोजची पहिली पंधरा मिनिटं फक्त डाव्या पायाला दे. इतका रडवेला पाय दुसरा नाही, पण पंधरा दिवसांत तो ऐकायला लागतो.

कोल्हापूरच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. तिथं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशा पेठेपेठेच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर बघत पोरं मोठी होतात. चेंडू त्यांच्या गल्लीतच असतो. अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा, २०१७ साली आपल्या देशात १७ वर्षांखालचा विश्वचषक झाला तेव्हा भारताकडून खेळला. आपल्याकडे शाळेत कबड्डी आहे, खो-खो आहे, व्हॉलीबॉल आहे. फुटबॉल बघायलाच मिळत नाही, मग पायाला कळणार कुठून? म्हणून तुझ्यासाठी शिबिर मोलाचं. कोल्हापूरच्या पोराला पेठेनं जे दहा वर्षांत दिलं, त्यातलं थोडं तुला पंधरा दिवसांत बघायचंय, हातात वही घेऊन. खरंच वही ने. रोज रात्री तीन ओळी लिहायच्या, आज काय शिकवलं आणि ते कसं केलं. परत आल्यावर घाटघरला विचारायला कुणी नसेल, तेव्हा ती वहीच कामाला येईल.

तुझ्या मनातला दुसरा प्रश्न मला ठाऊक आहे. आपल्यासारखीला तिथं काय जागा? अष्टम उराँवचं नाव ऐकलंयस का? झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, आदिवासी घरातली मुलगी. २०२२ च्या ऑक्टोबरात १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा ती आपल्या संघाची कर्णधार होती. भुवनेश्वरला अमेरिकेनं आपल्याला ८-० हरवलं, मोरोक्कोनं ३-०, ब्राझीलनं ५-०. आकडे वाचून तुला वाईट वाटेल, मलाही वाटलं. ती मात्र तिन्ही सामने खेळायला उतरली. आणि २०२५ च्या जुलैत आपल्या मोठ्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि ती मधल्या फळीत खेळते, बघ. २०२२ चा आशियाई चषक आपल्याकडेच होता, त्यातले सामने बालेवाडीला झाले. जुन्नरच्या एसटीनं तू वाकडेवाडीला उतरलीस की तिथून ते मैदान शहरातल्या शहरात आहे. सुट्टीच्या दिवशी मी तुला तिथं घेऊन जाईन. नुसतं गवत बघायला.

आता एक कडू गोष्ट. मी गेले होते त्या शिबिराची फी हिरड्याच्या पैशातून भरली होती. शेवटच्या दिवशी पाचजणींना बाजूला घेऊन सांगितलं, तुमची निवड झालीय, परराज्यात स्पर्धा आहे, दहा हजार घेऊन या. मी नाचत घरी आले. बा दोन रात्री गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानं दोन शेळ्यांना गिऱ्हाईक बघितलं. आमच्या शाळेतल्या एका सरांनी विचारलं, स्पर्धा कुणाची, पत्र कुठंय, संघटना कुठली? पत्र नव्हतं. शेळ्या वाचल्या, पण बासमोर मान वर करायला मला कितीतरी दिवस लागले, आणि त्यानं मला एका शब्दानं बोललं नाही याचंच जास्त लागलं. म्हणून सांगते, शिबिरात कुणी "निवड" शब्द काढला आणि मागोमाग पैसे काढले, तर हो म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस. म्हण, "घरी विचारून सांगते," आणि मला फोन कर. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं चाचणी घेऊन निवडतात, आणि राहणं-खाणं-शिकवणं सरकार बघतं. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात तेही मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळल्यावर. शिबिराच्या प्रमाणपत्रावर काही मिळत नाही. ते भिंतीला लाव, आजीला आवडेल.

बुटांचं. काका पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून दोन नंबर मोठे घेईल. घेऊ देऊ नकोस, हट्ट कर. पाय बुटात सरकला की टाचेला फोड आणि घोट्याला मुरगळा ठरलेला. अंगठ्यापुढं अर्ध्या बोटाची जागा हवी, जास्त नाही. मेमधली जमीन दगडासारखी असते, तिथं लांब खिळ्यांचे बूट टोचतात. रबराचे बारीक-बारीक पुष्कळ खिळे असलेले घे. नडगीला लावायचे पॅड, शिनगार्ड, सामन्यात नियमानंच लागतात. बूट नवे असतील तर घरी चार दिवस घालून चाल, तिथं जाऊन नवे काढू नकोस. आणि नखं काप. अंगठ्याचं नख बुटात काळं पडलं की पंधरा दिवस वाया जातात, मी बघितलंय.

चड्डी घालायची लाज वाटत असेल तर आत घोट्यापर्यंतची घट्ट पँट घाल, त्याला खेळात हरकत नाही. कृत्रिम गवतावर घसरलीस तर गुडघे सोलतात, त्यालाही ती बरी. ते गवत दुपारी तव्यासारखं तापतं. दुपारी खेळायला लावलं तर सरळ सांग, चक्कर येतीय. पाणी तहान लागायची वाट न बघता पी. जायच्या आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल दोन्ही.  सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. नुसती वाहक असलीस तर बहुतेकींना खेळता येतं, पण उन्हात जीव तोडून पळायचं नाही आणि सरांना आधी सांगून ठेवायचं. यात लपवण्यासारखं काही नाही.

मुलींच्या गुडघ्यातला आतला अस्थिबंध मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो, वयात आल्यावर तर अधिकच. उडी मारून उतरताना गुडघे एकमेकांकडे वळले की धोका. फिफानं त्यासाठी वीसेक मिनिटांचा सराव बसवलाय, "इलेव्हन प्लस" म्हणतात त्याला, त्यानं दुखापती कमी होतात. तो कंटाळवाणा वाटतो, मुली टाळतात. तू टाळू नकोस. आणि डोक्यानं चेंडू मारायची घाई नको. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो मारूच देत नाहीत, आणि तुझ्या वयाच्या मुलांनाही सरावात मोजूनमापूनच. पाळी आली तर पॅड बरोबर असू दे. खेळावंसं वाटलं तर खेळ, पोट दुखत असेल तर बाईंना सांगून बस. देवाधर्माचं त्यात काही नाही. नाचणीची भाकरी डब्यात नेता येणार नाही, पण लाडू नेता येतील. काकीला सांग, गुळातले कर.

आणि हे हळू आवाजात. शिकवताना सर पाय कसा ठेवायचा ते दाखवतात, खांदा वळवतात, तेवढं असतं. पण स्पर्श नकोसा वाटला, कुणी एकटीला खोलीवर बोलावलं, रात्री मोबाईलवर काही पाठवलं, तर "मला उगाच वाटत असेल" असं स्वतःला समजावत बसू नकोस. बाईंना सांग, मला सांग, दोघी सापडलो नाही तर १०९८ लाव. तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिही. तुझा खेळ बंद होईल या भीतीनं गप्प राहू नकोस. मी आहे, तुझा खेळ बंद होऊ देणार नाही.

परत येशील तेव्हा मेचा शेवट असेल. राब भाजून झालेले असतील, खाचरं अजून कोरडी. शाळेमागचं मोठं खाचर धर. धसकटं उपटून टाका, ढेकळं फोडा, बांधाला बांध हीच रेष. तिथं चेंडू सरळ उसळत नाही, कधी डावीकडे कधी तोंडावर येतो, आणि म्हणूनच पहिल्या स्पर्शाला त्याच्यासारखं मैदान नाही. पाऊस लागला की खाचरात आवणी होईल, मग शाळेची पडवी आणि तिची भिंत. रोज शंभर वेळा डाव्यानं, शंभर वेळा उजव्यानं. नाणेघाटाच्या पठारावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, तिकडं जाऊ नका. मधल्या वारी धुकं नसेल तर मोकळं असतं, पण कड्यापासून लांब खेळा, चेंडू गेला तर जाऊ दे.

एकटीनं किती दिवस खेळशील? सुरुवातीला आणखी चौघी जमव. सुब्रतो चषकात १७ वर्षांखालच्या मुलींचा गट असतो, त्याला शाळेचा संघ लागतो. सरांना आताच विचारून ठेव. ते म्हणतील मुली कुठंत. मग दाखव.

चेंडू मी घेऊन येतेय. तू तेराची झालीस, आता पाच नंबरचा लागेल. पंपही आणते. शाळेतल्या पंपाची सुई मागच्या वर्षी कुणीतरी हरवली म्हणालीस, म्हणून सुया तीन घेतल्यात. एक काकीच्या मिसरीच्या डबीत ठेवायला दे, तिच्याकडून काही हरवत नाही.

तुझी,
ताई